बोलींच्या संग्रहासाठी सामाईक मेटाडेटा कसा ठरवायचा: विदर्भात गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी

समजा, एका कॉलेजाने मेळघाटातल्या कोरकू गोष्टी रेकॉर्ड केल्या आहेत. एका निवृत्त गुरुजींकडे झाडीपट्टीतल्या दंडारीच्या कॅसेटी आहेत. यवतमाळकडच्या एका मंडळाने कोलामी शब्दांच्या वह्या भरून ठेवल्या आहेत. प्रत्येकाकडे आपापली एक्सेल शीट आहे. एकीत 'गायिका' असा रकाना, दुसरीत 'माहिती देणारा', तिसरीत नुसतं 'नाव'. आणि त्या 'नाव'खाली कधी सांगणारी आजी, कधी रेकॉर्डिंग करणारा पोरगा. या तिन्ही शीट एकाखाली एक चिकटवल्या तर 'साठीच्या पुढच्या बायकांनी सांगितलेल्या गोष्टी दाखवा' एवढा साधा प्रश्नही त्यांना विचारता येत नाही.

मेटाडेटा म्हणजे रेकॉर्डिंगविषयीची नोंद: कोण बोललं, कुठे, केव्हा, कोणत्या भाषेत, कोणाला ऐकू द्यायचं. सामाईक मेटाडेटा म्हणजे ही नोंद सगळ्यांनी एकाच नियमाने करणं. तुम्हाला पहिल्यांदाच हे काम अंगावर घ्यायचं असेल, तर एक गोष्ट आधीच ठरवून टाका: रकाने कमी ठेवायचे, पण प्रत्येक रकान्यात काय लिहायचं आणि काय नाही हे कागदावर असायला हवं. त्या कागदाला पुढे 'नियमपत्र' म्हटलं आहे. साठ रकान्यांचा फॉर्म दिसायला भारदस्त असतो, पण भरणारा माणूस दिवसभर गावात फिरून संध्याकाळी बसलेला असतो. विसाव्या रकान्यानंतर तो 'ठीक' आणि '-' लिहायला लागतो.

जवळ काय हवं

- प्रत्येक गटाची आत्ताची यादी, जशी आहे तशी. ती आधी 'नीट करून' आणायला सांगू नका, गोंधळच बघायचा आहे.
- प्रत्येक गटाकडून दहा नोंदी आणि त्यांची मूळ रेकॉर्डिंगं.
- लिबरऑफिस कॅल्क. फुकट आहे, आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) उघडताना अक्षरसंच विचारतं. तिथे 'युनिकोड, यूटीएफ-८' निवडायचं. एक्सेलमध्ये सीएसव्ही थेट दुहेरी क्लिकने उघडली की देवनागरीचा चुथडा होतो, आणि तशीच सेव्ह केली तर तो कायमचा.
- ओपनरिफाइन. एकाच गोष्टीची वेगवेगळी स्पेलिंगं एकत्र आणायला.
- २०११च्या जनगणनेतले गावसंकेत, किंवा केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतले. दोन्हींपैकी एकच.
- संमतीपत्राचा मराठी नमुना, आणि दोन हार्ड डिस्क.

सर्व्हर, वेबसाइट आणि सॉफ्टवेअर बनवून देणारा माणूस हे तिन्ही पहिल्या टप्प्यात लागत नाहीत. वेबसाइटपासून सुरुवात केली की चर्चा रंगांवर जाते.

१. आहे ते समोरासमोर मांडा

एक मोठा तक्ता करा. डाव्या बाजूला पहिल्या गटाचा रकाना, शेजारी दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. प्रत्येक रकान्याच्या नावाखाली त्यातल्या पाच खऱ्या नोंदी उतरवा. नावावरून अर्थ लावू नका, आतल्या मजकुरावरून लावा.

तीन प्रकारचे घोळ निघतील. अर्थ एक पण नावं वेगळी ('स्थळ', 'गाव', 'मुक्काम'): हे सोपं. नाव एक पण अर्थ वेगळे: 'तारीख' म्हणजे एकाकडे रेकॉर्डिंगची, दुसऱ्याकडे टाइप केल्याची. आणि तिसरा, एका रकान्यात कोंबलेल्या चार गोष्टी: 'आजी, वय ६५, चिखलदरा, जात्यावरची'. हा तिसरा प्रकार हातानेच सोडवावा लागतो, त्याला वेळ राखून ठेवा.

जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा. रूपांतरानंतर किमान पन्नास ओळी मूळ छापील प्रतीशी ताडून बघा. रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात.

२. सांगाडा बाहेरून घ्या, नवा बनवू नका

डब्लिन कोअर हा १९९५पासूनचा मेटाडेटाचा सांगाडा आहे. त्यात १५ घटक आहेत: शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहयोगी, तारीख, प्रकार, स्वरूप, ओळख, स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती, हक्क. एकही सक्तीचा नाही आणि प्रत्येक घटक हवा तितक्या वेळा वापरता येतो. भाषांच्या संग्रहांसाठी २०००मध्ये ओलॅक नावाचा समूह सुरू झाला. त्याने याच पंधरांवर भाषासंकेत, भूमिका, संभाषणाचा प्रकार अशा ठरलेल्या याद्या चढवल्या. युरोपातल्या क्लॅरिन या भाषासंशोधनाच्या जाळ्याचा सीएमडीआय हा सांगाडा याहून पुष्कळ खोल जातो.

तुम्ही ओलॅकच्या पातळीवर थांबा. सीएमडीआय चांगलं आहे, पण त्याला रोज सांभाळणारा तंत्रज्ञ लागतो. आपले मराठी रकाने ओलॅकच्या कोणत्या घटकाशी जुळतात हे एका वेगळ्या पानावर लिहून ठेवलं, की पुढे कुठल्याही मोठ्या संग्रहाला यादी देता येते. रकान्यांची नावं मराठीतच असू द्या.

३. सक्तीचे रकाने

१. ओळखक्रमांक
२. शीर्षक
३. कोणत्या भाषेत आहे
४. कोणत्या भाषेविषयी आहे
५. बोलणाऱ्याने सांगितलेलं भाषेचं नाव
६. प्रकार
७. रेकॉर्डिंगची तारीख
८. ठिकाण
९. व्यक्तींचे क्रमांक आणि भूमिका
१०. फाइलचं नाव आणि स्वरूप
११. ऐकण्याची मुभा
१२. नोंद कोणी केली, केव्हा

'वर्णन' हा तेरावा, ऐच्छिक. सांगण्यासारखं जे वर बसत नाही ते तिथे: मागे पाऊस वाजतोय, मध्येच नातू बोलतो, शेवटचं कडवं तुटलंय.

तिसरा आणि चौथा रकाना एकच वाटतात आणि नवखे लोक एक गाळून टाकतात. कोलामी-मराठी शब्दयादी घ्या. ती कोलामी आणि मराठी या दोन भाषांत आहे, पण ती कोलामीविषयी आहे. दोन्ही एकत्र केले तर मराठीचा अभ्यासक शोधायला बसला की त्याच्या पुढ्यात शेकडो कोलामी याद्या येतात.

रिकाम्या चौकटीचा नियमही लिहा. 'माहीत नाही', 'लागू नाही' आणि 'अजून भरायचं आहे' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरी चौकट म्हणजे फक्त तिसरी. हे ठरवलं नाही तर दोन वर्षांनी कोणाला परत विचारायला जायचं तेच कळत नाही.

एका चौकटीत दोन मूल्यं आली तर मध्ये उभी रेघ द्या. स्वल्पविराम नको, सीएसव्हीत तो रकाने तोडतो.

४. भाषेचा संकेत

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून सावकाश.

आयएसओ ६३९-३ या मानकात प्रत्येक भाषेला तीन रोमन अक्षरांचा संकेत आहे. आपल्या भागात लागणारे असे: मराठी एम-ए-आर, वऱ्हाडी-नागपुरी व्ही-ए-एच, कोरकू के-एफ-क्यू, वायव्य कोलामी के-एफ-बी, निहाली एन-एल-एल, माडिया एम-आर-आर, हलबी एच-एल-बी, पोवारी पी-डब्ल्यू-आर. गोंडीला जी-ओ-एन हा छत्रसंकेत आहे आणि त्याखाली उत्तर गोंडी, अहेरी गोंडी, आदिलाबाद गोंडी असे वेगळे संकेत. नक्की कोणती हे जाणकाराने सांगितलं नसेल तर छत्रसंकेतच लिहा. अंदाजाने बारीक संकेत देणं हे चुकीच्या संकेतापेक्षा वाईट, कारण ते खात्रीचं दिसतं.

झाडीबोलीला स्वतंत्र संकेत नाही. म्हणून ती नुसती 'मराठी' म्हणून नोंदवायची नाही, आणि स्वतःच्या मनाने तीन अक्षरंही जुळवायची नाहीत. उद्या ती अक्षरं दुसऱ्याच भाषेची निघतात. जवळचा संकेत द्या आणि पाचव्या रकान्यात 'झाडीबोली' लिहा. अगदीच स्थानिक संकेत हवा असेल तर क्यू-ए-ए ते क्यू-टी-झेड हा पट्टा खाजगी वापरासाठी मोकळा ठेवलेला आहे. मात्र त्याचा अर्थ सगळ्या गटांच्या नियमपत्रात लिहिलेला असायला हवा, आणि बाहेर यादी देताना तो बदलून द्यावा लागतो.

पाचवा रकाना काही शोभेचा नाही. माणूस आपल्या भाषेला काय म्हणतो ते, त्याच्याच उच्चारात. त्यावर दुरुस्ती करायची नाही. संकेत बदलतात, विभागले जातात, रद्दही होतात. दक्षिण गोंडीचा जुना संकेत असाच मोडून त्याचे अहेरी आणि आदिलाबाद झाले. सांगितलेलं नाव जपलेलं असेल तर नोंद पुन्हा जुळवता येते.

सापळे दोन. पहिला, जमातीवरून भाषा ठरवणं. हलबा माणूस हलबी बोलतोच असं नाही, आणि कोलाम घरात आता फक्त मराठी असू शकते. दुसरा, शेजारावरून भाषा ठरवणं. जळगाव जामोदकडची निहाली ही कोणत्याही ज्ञात कुळात न बसणारी भाषा आहे, पण तिच्यात कोरकूचे पुष्कळ शब्द आहेत. ऐकणाऱ्याला कोरकू येत असेल तर तो बिनधास्त 'कोरकू' लिहून मोकळा होतो. अशा नोंदीपुढे 'तपासायची आहे' असा शेरा ठेवा.

लिपी हा भाषेपासून वेगळा मुद्दा. गोंडी हस्तलिखित देवनागरीत असेल, तेलुगूत, मसराम गोंडीत किंवा गुंजाला गोंडीत. मसराम लिपी युनिकोडमध्ये २०१७ला आणि गुंजाला २०१८ला आली, त्यामुळे आता चित्रावर भागवायची गरज नाही. लेखी सामग्री असेल तर लिपीचा रकाना वाढवा.

५. टाइप करण्याचे नियम

'वऱ्हाडी' या शब्दातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि शोधलं की अर्ध्याच नोंदी सापडतात. एनएफसी हे युनिकोडचं प्रमाणीकरण केलं तरी हा फरक जात नाही. पहिली तऱ्हा ठरवा आणि दुसरी शोधून बदला. 'ॲ'चंही तेच: तो तीन प्रकारे लिहिला जातो, एकच ठेवा.

ज्या रकान्यांत क्रमांक, तारीख, संकेत आहेत तिथे आकडे इंग्रजी वळणाचे (1, 2, 3). देवनागरी आकड्यांना स्प्रेडशीट बहुधा मजकूर समजते, मग क्रम लावताना घोळ होतो. वर्णनात हवे तसे लिहा.

भरायला बसण्याआधी सगळे रकाने 'टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर ०००७चा ७ होतो आणि '३-४' या ओवीक्रमांकाची एप्रिलमधली तारीख होते.

६. तारीख आणि गाव

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी: 2024-03-07. आपल्याकडे ०७-०३-२४ लिहायची सवय आहे, आणि काही उपकरणं महिना आधी लिहितात. दोन्ही मिसळले की ७ मार्च आणि ३ जुलै यांतला फरक उरत नाही. जुन्या कॅसेटींना नक्की तारीख नसते. तिथे फक्त वर्ष, आणि तेही अंदाजे असेल तर पुढे नागमोडी चिन्ह: 1984~. ही पद्धत २०१९च्या आयएसओ ८६०१-२मध्ये आहे, म्हणजे घरगुती खूण नाही. 'भुलाबाईच्या दिवसांत' असं कोणी सांगितलं तर ते वर्णनात जसंच्या तसं लिहा.

गावाचं नाव, तालुका, जिल्हा आणि संकेत असे चार भाग. वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत ते मोजायला जाऊ नका, संकेत लिहा. बुद्रुक, खुर्द, रिठ, टोली हे शब्द गाळू नका.

जिल्ह्यात जुना-नवा घोळ आहेच. गडचिरोली १९८२मध्ये चंद्रपुरातून निघाला, वाशीम १९९८ला अकोल्यातून, गोंदिया १९९९ला भंडाऱ्यातून. १९७५च्या वहीत 'जि. भंडारा' असेल तर ती चूक समजून खोडू नका. वहीतल्या जिल्ह्यासाठी 'मूळ नोंदीत' असा ऐच्छिक रकाना वाढवा, आजचा जिल्हा ठिकाणात.

अक्षांश-रेखांश दशांशात लिहा आणि सार्वजनिक यादीत दोनच दशांश स्थळं ठेवा. तेवढ्याने साधारण एक किलोमीटरची नेमकी जागा कळते आणि कोणाचं घर उघड होत नाही. तपासणी सोपी आहे: विदर्भात अक्षांश १८ ते २२ आणि रेखांश ७५ ते ८१च्या बाहेर गेला तर आकडे उलटे पडले आहेत.

७. माणसं वेगळ्या तक्त्यात, संमतीसकट

रेकॉर्डिंगच्या तक्त्यात नाव लिहू नका, व्यक्तीचा क्रमांक लिहा. नाव, जन्मवर्ष, गाव, येणाऱ्या भाषा, संमती हे सगळं व्यक्तींच्या तक्त्यात, आणि तो तक्ता कुलुपात. वय नको, जन्मवर्ष घ्या. '६५ वर्षे' ही नोंद पुढच्या वर्षी खोटी ठरते. जन्मवर्षही बहुतेक अंदाजे असेल, तेच नागमोडी चिन्ह वापरा.

भूमिका ओलॅकच्या यादीतून घ्या: बोलणारा, गाणारा, मुलाखत घेणारा, रेकॉर्ड करणारा, लिप्यंतर करणारा, भाषांतर करणारा. एकाच माणसाच्या दोन भूमिका असू शकतात. दंडारीत पंधरा जण असतील तर मुख्य गाणारे स्वतंत्र, बाकीचे 'समूह' म्हणून आणि संख्या वर्णनात.

संमती 'हो/नाही' अशी कधीच नसते. किमान चार पायऱ्या ठेवा: सगळ्यांसाठी खुलं, नोंदणी केलेल्या अभ्यासकांसाठी, फक्त गावासाठी, बंद. आणि नाव जाहीर करायचं की नाही हे वेगळं विचारा. कित्येकांना गाणं ऐकवायचं असतं पण नाव नको असतं, कित्येकांना अगदी उलट. सही येत नसेल तर संमती बोलून घ्या आणि ती स्वतंत्र फाइल म्हणून ठेवा, गाण्याच्या फाइलच्या सुरुवातीला चिकटवू नका, कारण तिथे नाव-गाव उच्चारलेलं असतं.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असायला हवं. म्हणून संमतीच्या तारखेशेजारी 'मागे घेतल्याची तारीख' हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. धारणी-चिखलदरा किंवा गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रात काम असेल तर ग्रामसभेसमोरही विषय ठेवा. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याच्या कलम ४(घ)नुसार परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. देवकार्यातली गाणी एका माणसाच्या होकारावर खुली करू नयेत. ठरावाचा क्रमांक आणि तारीख नोंदीत घाला.

८. प्रकारांची यादी

ओलॅकचे प्रकार ढोबळ आहेत: कथन, गायन, संवाद, नाट्य, कृती सांगणे वगैरे. ते वरच्या पातळीला ठेवा आणि खाली आपली स्थानिक यादी: जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, महादेवाची गाणी, डहाका, दंडार, खडी गंमत, रेला. प्रत्येक शब्दापुढे एका ओळीत व्याख्या आणि एका नमुना-रेकॉर्डिंगचा क्रमांक. व्याख्या वाचून पटत नाही तेव्हा नमुना ऐकून पटतं.

यादी बंद ठेवा, म्हणजे चौकटीत फक्त निवडता यावं. 'इतर' हा पर्याय द्या, पण दर तीन महिन्यांनी तो उघडून बघा. तिथे एकच गोष्ट पाच वेळा दिसली तर तिला यादीत जागा द्या.

९. फाइली

ओळखक्रमांकात अर्थ भरू नका. भाषा, गाव, तारीख घालून केलेला क्रमांक छान वाचता येतो, पण गाव चुकलं असं कळलं की क्रमांक बदलावा लागतो आणि सगळे दुवे तुटतात. गटाची तीन रोमन अक्षरं आणि चार आकडी अनुक्रम पुरे. फाइलच्या नावात तोच क्रमांक. देवनागरी, मोकळी जागा, कंस नको.

नवीन रेकॉर्डिंग वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. दोन वाहिन्यांचा एक तास म्हणजे साधारण १ जीबी, त्या हिशेबाने डिस्क घ्या. फोनने एम४ए या दाबून लहान केलेल्या स्वरूपात केलं असेल तर तसंच ठेवा आणि तसंच लिहा. त्याची वेव्ह बनवून 'मूळ वेव्ह' नोंदवणं ही फसवणूक आहे, गेलेला आवाज परत येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

प्रत्येक मूळ फाइलचा शा-२५६ ठसा (फाइल जराही बदलली की बदलणारी अक्षर-आकड्यांची ओळ) काढून तक्त्यात ठेवा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल आज्ञा आधीच असते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी.

१०. दोघांनी वेगवेगळं भरून बघा

नियमपत्र तयार झालं की वेगवेगळ्या गटांतल्या दोघांना तीच दहा रेकॉर्डिंगं द्या. एकमेकांशी न बोलता नोंदी भरू द्या आणि मग चौकटीगणिक ताडा. जिथे फरक पडला तिथे माणसाला बोल लावू नका, त्या रकान्याची व्याख्या बदला. हमखास फरक पडतो तो शीर्षकात (पहिली ओळ लिहायची की विषय?), प्रकारात आणि भूमिकेत. सुधारून दुसऱ्या दहांवर पुन्हा करा. हे होईपर्यंत जुना साठा भरायला घेऊ नका.

११. नियमपत्राची आवृत्ती

नियमपत्रावर आवृत्ती १.० आणि तारीख घाला, आणि प्रत्येक नोंदीत ती कोणत्या आवृत्तीने भरली ते लिहा. बदल सुचवायचा तर लेखी, ठरवायचा तर सहा महिन्यांतून एकदा, सगळ्या गटांसमोर. यादीतला शब्द कधीच खोडायचा नाही. 'आता वापरू नये, त्याऐवजी अमुक' असा शेरा द्यायचा, कारण जुन्या नोंदी त्याच शब्दाने भरलेल्या असतात.

नोंद काढून टाकायची वेळ येते तेव्हाही हेच. कोणी संमती मागे घेतली तर फाइल सगळ्या प्रतींतून काढा, दुसऱ्या गावच्या डिस्कवरूनही, आणि व्यक्तीच्या तक्त्यातली माहितीही पुसा. ओळखक्रमांक मात्र तसाच राहू द्या, पुढे 'मागे घेतली' आणि तारीख. तो क्रमांक दुसऱ्या रेकॉर्डिंगला देऊ नका.